भिलाईची एक फेरी

आपण नागपूरहून हावड्याच्या बाजूस कधी दिवसा प्रवास केला आहे काय? केला नसेल तर एकदा अवश्य करा, आणि खिडकीजवळची जागा धरा. गोंदिया मागे पडले की सालेकसा-दरेकसाच्या परिसरात जंगल रुळांच्या अगदी जवळ येते. महाराष्ट्राची हद्द केव्हा ओलांडली हे ध्यानी येण्यापूर्वीच डोंगरगडची टेकडी दिसू लागते. टेकडीच्या माथ्यावर बमलेश्वरीचे देऊळ आहे. वर जाण्यास हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी रज्जुमार्गही आहे. पुढे राजनांदगाव लागते, आणि मग दुर्ग. नागपूर ते दुर्ग हे अंतर सुमारे २६५ किलोमीटरचे. दुर्गला लागूनच पोलादाचे गाव भिलाई वसले आहे.

या मार्गाने मी लहानपणापासून शेकडो वेळा गेलो असेन. कारण माझे बालपण भिलाईत गेले. परंतु गेल्या वर्षी जानेवारीत निघालो तेव्हा प्रवासाची रीत थोडी निराळी होती. दर तासाला मी जागेवरून उठे, डब्याच्या दारापर्यंत चालत जाई आणि परत येऊन बसे. माझ्या उजव्या खुब्याचा सांधा त्यापूर्वी दोन वर्षे बदललेला होता. फार वेळ एका जागी बसलो की तो आखडे. समोरच्या बाकावरील एका आजीबाईंनी अखेर न राहवून विचारले, “भाऊ, काही हरवलं का?” मी म्हणालो, “हरवलं होतं ते सापडलं, आजी. आता पुन्हा हरवू नये म्हणून चालतोय.”

भिलाईला मी फिरण्यासाठी जात नव्हतो. माझ्या एका बालमित्राने फोनवरून बोलावून घेतले होते. त्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा वर्षभर खुब्याच्या दुखण्याने घरी बसला होता. हा मुलगा व्हॉलीबॉल खेळे, आणि जाळ्याजवळ त्याच्याइतकी उंच उडी गल्लीत कोणाची नव्हती. डॉक्टरांनी सांधा बदलण्याचा सल्ला दिला होता. घरात मात्र दोन तट पडले होते. आईचे म्हणणे, एवढ्या तरुण वयात हाड कापून धातू बसवायचा म्हणजे पोराचे आयुष्य संपले. मुलाचे म्हणणे, लवकर बदलून टाका, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या सामन्यांत मला उतरता येईल. मित्र म्हणाला, “तू या वाटेने गेला आहेस. येऊन दोघांशी बोल.”

भिलाईविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातील कितीतरी कुटुंबांना भिलाई परकी वाटली नाही. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून येई, चुनखडी नंदिनीहून येई, आणि माणसे साऱ्या देशातून येत. आमच्या एका गल्लीत तेलुगू, मल्याळी, बंगाली, उडिया, पंजाबी, मराठी आणि छत्तीसगढी अशी घरे होती. गणपतीची आरती सर्वांना पाठ होती आणि दुर्गापूजेचा भोग सर्वांच्या घरी जात असे. २००० साली छत्तीसगढ राज्य वेगळे झाले, पाट्या बदलल्या, परंतु गावाचा हा स्वभाव बदलला नाही.

गावाची आखणी मात्र प्रत्येक चालणाऱ्याने पाहावी अशी आहे. क्रमांकाने ओळखली जाणारी सेक्टरे, सरळ रुंद रस्ते, दोन्ही बाजूंस झाडे, सेक्टरात शाळा आणि शाळेला मैदान. सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे मोठे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. मरोद्याकडे १९७२ साली उभारलेली मैत्री बाग आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीची ती खूण. तेथील प्राणिसंग्रहालयातील पांढरे वाघ पाहण्यास आजही लांबून मुले येतात. अशा गावात ज्याचे पाय धड आहेत त्याला घरी बसवत नाही. म्हणूनच मित्राच्या घरात शिरताच, खिडकीशी खुर्ची लावून मैदानाकडे पाहत बसलेला तो मुलगा दिसला तेव्हा मला फार वाईट वाटले.

त्याचे दुखणे कोठून आले हेही आपल्याला ठाऊक असावे. कारण ते छत्तीसगढात आहे तसे आपल्या विदर्भातही आहे. त्या मुलाला सिकलसेलचा आजार आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकास जो गोळा असतो त्याला रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या थोड्या आणि बारीक. त्या तुंबल्या की गोळ्याचे हाड उपाशी मरते आणि कालांतराने खचते. गोल गोळा चपटा झाला की वाटीत फिरताना घासतो, आणि प्रत्येक पाऊल दुखते. आईबाप दोघेही या दोषाचे वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतात, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. लग्नापूर्वी रक्त तपासून घेण्याचा आग्रह डॉक्टर धरतात तो यासाठीच. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे आणि तीत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आहे. आपल्या भागात तपासणी असेल तर टाळू नका.

माझे दुखणे साधे होते, वयाने सांध्याची झीज झालेली. वाट मात्र दोघांचीही एकच.

भाभीजींनी गरम फरा आणि चटणी पुढे ठेवली. मी जमिनीवर बसणार नाही हे ओळखून त्यांनी आधीच उंच खुर्ची आणून ठेवली होती. मित्र कारखान्याच्या रूळ-विभागातून निवृत्त झालेला. भिलाईचे रूळ साऱ्या देशात अंथरलेले आहेत. आता तर एकसंध १३० मीटर लांबीचा रूळ तेथे निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा होतो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “काय रे, आत आमचेच पोलाद आहे ना?”

मी म्हणालो, “नाही. हाडात टायटॅनियमचा दांडा आहे, त्यावर सिरॅमिकचा गोळा, आणि वाटीला आतून एका चिवट प्लॅस्टिकचे अस्तर. पण ज्याने हा सांधा यशस्वी केला त्याने आरंभी पोलादच वापरले होते, न गंजणारे.”

मग मी त्यांना जॉन चार्नली या इंग्रज शल्यविशारदाची हकीकत सांगितली. लँकेशायरमधील रायटिंग्टन येथे तो काम करीत असे. घर्षण जितके कमी तितका सांधा टिकेल, असे त्याचे गणित होते. म्हणून त्याने गोळा मुद्दाम लहान ठेवला, सुमारे बावीस मिलिमीटरचा. वाटीसाठी त्याने प्रथम टेफ्लॉन वापरले. रोगी आनंदाने चालू लागले. परंतु दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजल्या आणि झिजेच्या भुकटीने आतले हाड बिघडले. चार्नलीने आपली चूक लपविली नाही. त्याने रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या, पदार्थ अंगात कसा वागतो हे पाहण्यासाठी त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, आणि १९६२ साली पॉलिएथिलीनची वाटी बसविली. आजचे सांधे त्याच वाटीचे वंशज आहेत.

मित्र लगेच म्हणाला, “म्हणजे रुळासारखेच. रूळ मोडत नाही, तो झिजतो. किती गाड्या गेल्या, किती भार गेला, यावर त्याचे आयुष्य ठरते.”

मला जे सांगावयाचे होते ते त्यानेच सांगितले होते. आता आकडे ऐका. बर्लिनमधील संशोधकांनी काही रोग्यांच्या कृत्रिम सांध्यांत मापक यंत्रे बसवून आतील भार मोजला आहे. साधे चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. संथ धावताना तो चार-पाच पट होतो. ठेच लागून तोल गेला तर सात-आठ पटही होतो. आणि माणूस एका पायाने वर्षाला सुमारे दहा लाख पावले टाकतो असे धरून प्रयोगशाळेत सांध्यांची परीक्षा होते. सांधा किती वर्षे टिकतो? अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे शंभरातील सुमारे अठ्ठावन्न सांधे पंचवीस वर्षे टिकतात. अलीकडच्या काळातील अस्तर अधिक चिवट आहे, तेव्हा पुढील आकडे याहून चांगले येतील अशी आशा आहे.

मुलगा आतापर्यंत गप्प होता. त्याने सरळ विचारले, “चाचाजी, मला पुन्हा खेळता येईल का?”

भाभीजी माझ्याकडे पाहत होत्या. मित्र ताटाकडे पाहत होता. खोटे बोलणे सोपे होते. जगात उदाहरणेही आहेत. अमेरिकेचा बेसबॉलपटू बो जॅक्सन सांधा बदलल्यानंतर १९९३ साली मैदानात परतला. गोल्फपटू टॉम वॉटसन सांधा बदलल्यावर वर्षाच्या आत, २००९ साली, एकोणसाठाव्या वर्षी ब्रिटिश ओपन स्पर्धेत दुसरा आला. टेनिसपटू अँडी मरे याने जानेवारी २०१९ मध्ये खुब्यावर धातूचे आवरण बसवून घेतले आणि त्याच वर्षी अँटवर्पची स्पर्धा जिंकली. ही नावे सांगून मी त्याला हुरूप आणू शकलो असतो. परंतु जॅक्सन १९९४ नंतर व्यावसायिक खेळातून बाहेर पडला, हेही मला ठाऊक होते. गोल्फमध्ये उडी मारावी लागत नाही. आणि मरेचा सांधा पूर्ण बदललेला नव्हता. त्याचा स्वतःचा गोळा राखून त्यावर टोपी चढविलेली होती.

मी म्हणालो, “बेटा, चालता येईल, सायकल चालवता येईल, टेबल टेनिस खेळता येईल, रात्री शांत झोप लागेल. जाळ्याजवळची उडी मात्र बहुधा सोडावी लागेल. माझा सांधा मला पंचवीस वर्षे पुरला तर मी शहाऐंशी वर्षांचा होईन. तुझा पंचवीस वर्षे पुरला तर तू एक्कावन्नचा होशील, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. तुला तो जपून वापरायचा आहे. उधळपट्टी करायचीच तर ती माझ्यासारख्या म्हाताऱ्याने करावी.”

तो उठून आत गेला. भाभीजींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटले, आपण येऊन बिघडविले. परंतु रात्री तो अंगणात येऊन बसला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी खरोखर उभे करतात काय? टाके किती दुखतात? लग्न करता येईल काय? मी एकेकाचे उत्तर दिले. उडीविषयी त्याने पुन्हा विचारले नाही.

मार्च महिन्यात रायपूरच्या एका रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया झाली. सिकलसेलच्या रोग्यास भूल देण्यापूर्वी विशेष तयारी लागते. रक्ताचे प्रमाण पाहावे लागते, अंगातील पाणी कमी होऊ द्यावयाचे नसते, ऊब आणि प्राणवायू यांवर लक्ष ठेवावे लागते. ते सर्व त्या डॉक्टरांनी काळजीपूर्वक केले. पुढचे काम घरचे होते, आणि येथे मी आपणा सर्वांस, विशेषतः घरातील बायामाणसांस, काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

पहिले काही आठवडे खूप खाली वाकणे, पायावर पाय टाकणे आणि उकिडवे बसणे टाळावयाचे असते. नाही तर गोळा वाटीतून निसटण्याची भीती असते. आपल्या घरांत जेवण पाटावर, पूजा पाटावर, आणि संडासही बहुधा जुन्या पद्धतीचा. म्हणून रोगी घरी येण्यापूर्वीच उंच खुर्ची, उंच पलंग आणि संडासावर ठेवावयाची बैठक यांची सोय करावी. जमिनीवरील सुटी चटई, पायपुसणे, विजेची लोंबती तार उचलून टाकावी. ठेचेचा भार किती असतो ते वर सांगितलेच आहे. काठी दुखऱ्या बाजूस नव्हे, तर चांगल्या पायाच्या हातात धरावी. खुब्याच्या स्नायूंवरचा ताण त्याने हलका होतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम कंटाळवाणा खरा, पण चालताना कंबर एका बाजूस झुकते ती त्यानेच सरळ होते. आणि प्रत्येक बाबतीत अखेरचा शब्द आपल्या डॉक्टरांचा व व्यायाम शिकविणाऱ्यांचा. कारण प्रत्येकाची शस्त्रक्रिया सारखी नसते.

आणखी एक. “बस, उठू नकोस, मी आणून देते,” हे वाक्य प्रेमाचे असले तरी पहिल्या काही दिवसांनंतर ते औषध राहत नाही. भाभीजींना हे समजण्यास महिना लागला. मग त्यांनी युक्ती काढली. त्या पाण्याचा तांब्या मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवू लागल्या.

यंदाच्या जानेवारीत मी पुन्हा भिलाईस गेलो. मुलगा मला घेण्यास दुर्गच्या स्थानकावर आला होता. जिन्यावरून उतरताना त्याने कोणता पाय आधी टाकला हे मी चोरून पाहिले. त्याला आता तसला हिशेब करावा लागत नव्हता. तो संध्याकाळी टेबल टेनिस खेळतो, सायकलने कामावर जातो. पोहण्याची त्याला हौस होती, परंतु थंड पाण्याने सिकलसेलचे दुखणे उसळू शकते म्हणून डॉक्टरांनी मनाई केली आहे. पाण्याची बाटली त्याच्या खांद्यावर सदैव असते. सेक्टरातील लहान मुलांना तो व्हॉलीबॉल शिकवितो. जाळ्याजवळ तो उभा राहतो, हात वर करून उडीची वेळ दाखवितो, आणि उडी मुले मारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे शाळेच्या जुन्या मैदानावर गेलो. याच मैदानावर मी आणि माझा मित्र पहाटे धावत असू. कारखान्याचा भोंगा झाला की घरी परतावयाचे, असा नियम होता. गवतावर दव होते. झाडांच्या पलीकडे धुराडी दिसत होती.

माझ्या डॉक्टरांनी मऊ जमिनीवर अधूनमधून संथ धावण्यास संमती दिली आहे. शर्यत नाही, डांबरी रस्ता नाही, आणि दुखले की थांबावयाचे. सर्वच डॉक्टर एवढी मोकळीक देत नाहीत, आणि प्रत्येक रोग्यास ती देण्याजोगीही नसते. तीन वर्षांत मी ती चार वेळाही वापरली नव्हती. त्या सकाळी मी मुलाकडे पाहिले. त्याला धावण्याची परवानगी नाही. त्याच्यासमोर धावणे बरे दिसेल काय, असा विचार माझ्या मनात आला.

त्याने तो ओळखला असावा. खिशातून फोन काढून त्याने वेळ लावली आणि म्हणाला, “चाचाजी, उधळपट्टी म्हाताऱ्यांनी करायची असं तुम्हीच म्हणाला होतात. एकच फेरी. दुसरी सुरू केलीत तर मी मध्ये येऊन उभा राहीन.”

मी धावलो. धावलो म्हणण्यापेक्षा, वेगाने चालणारा एखादा माणूस सहज मागे टाकील अशा गतीने हललो. वळणावर जुन्या सवयीने पाय लांब टाकावासा वाटला. तो मी आवरला. फेरी संपली तेव्हा मित्र टाळ्या वाजवीत होता आणि मुलगा माझ्या पायांकडे बारकाईने पाहत होता, एखाद्या पंचाने पाहावे तसा. “उजवा थोडा हळू पडतोय,” तो म्हणाला. “संध्याकाळी कुशीवरचा व्यायाम वीस वेळा.”

वाचकहो, आपल्या घरात कोणाचा सांधा बदलावयाचा असेल तर त्याला दोन टोकांच्या माणसांपासून जपा. एक म्हणेल, आता सारे संपले. दुसरा म्हणेल, सहा महिन्यांत शर्यत जिंकशील. सांध्यात पावले मोजकी असतात. ती कशावर खर्च करावयाची हे ज्याचे त्याने, आपले वय पाहून, डॉक्टरांना विचारून ठरवावे. भिलाईच्या त्या मुलाने आपली पावले कामावर जाण्यास, बापाबरोबर बाजार करण्यास आणि मुलांना खेळ शिकविण्यास ठेवली आहेत. मी माझ्यातील चारशे-पाचशे त्या मैदानावर उधळून आलो.

आणि कधी भिलाईस गेलात तर पहाटे उठून झाडांखालच्या त्या रुंद रस्त्यांवरून एक फेरी अवश्य मारा. चालतच मारा. चालण्यासाठी इतके चांगले गाव पुष्कळांच्या वाट्यास येत नाही.